दाखल रुग्णाचा डॉक्टर नेमका कोण? ‘हॉस्पिटलिस्ट’ आणि आपल्या वॉर्डातली रात्र

रुग्णालयात दाखल असलेल्या कुणाच्याही नातेवाईकांना एक साधा प्रश्न विचारून बघा : तुमच्या पेशंटचे डॉक्टर कोण? सकाळी राउंडला येऊन दोन मिनिटांत गेलेले मोठे डॉक्टर, की ‘रेफरन्स’ म्हणून एकदा येऊन गेलेले किडनीचे डॉक्टर, की रात्री अडीचला ताप चढला तेव्हा सिस्टरने ज्यांना उठवले ते आरएमओ? बहुतेक जण नाव मोठ्या डॉक्टरांचे सांगतात आणि मोबाइलमध्ये नंबर मात्र आरएमओचा ठेवतात.

महाराष्ट्रात हाच प्रश्न २०२५ साली वेगळ्या रूपात रस्त्यावर आला. होमिओपॅथीच्या ज्या पदवीधरांनी ‘सीसीएमपी’ हा आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केला आहे, त्यांची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेने करावी की नाही, यावरून वाद पेटला. जूनअखेरीस परिषदेची सूचना निघाली, जुलैत ती थांबली, सप्टेंबरमध्ये शासनाने पुन्हा आदेश दिला आणि १८ सप्टेंबरला इंडियन मेडिकल असोसिएशनच्या राज्य शाखेने एक दिवसाचा संप पुकारला. चर्चा झाली ती नोंदवहीची, पदव्यांची आणि कोर्टाची. पण खासगी रुग्णालयाच्या वॉर्डात चोवीस तास हजर राहण्याचे काम कोणी करायचे, त्यासाठी शिक्षण किती हवे, अधिकार कोणते आणि पगार किती, हे आपण कधी नीट ठरवलेलेच नाही. त्या चर्चेतही ते बाजूलाच राहिले.

अमेरिकेत हा प्रश्न सुमारे तीस वर्षांपूर्वी ऐरणीवर आला. त्यातून वैद्यकाची एक नवी शाखाच उभी राहिली. तिचे फायदे खरे आहेत, आणि तिची किंमतही खरी आहे. दोन्ही समजून घेतल्याशिवाय आपल्याकडच्या वादाला अर्थ नाही.

हॉस्पिटलिस्ट म्हणजे कोण?

ऑगस्ट १९९६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये रॉबर्ट वॉक्टर आणि ली गोल्डमन या सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन डॉक्टरांनी एक लेख लिहिला आणि ‘हॉस्पिटलिस्ट’ हा शब्द रूढ केला. हृदयरोगतज्ज्ञाची ओळख अवयवावरून होते, बालरोगतज्ज्ञाची वयावरून; हॉस्पिटलिस्टची ओळख जागेवरून. तो फक्त दाखल रुग्ण बघतो. त्याची ओपीडी नसते, बाहेर दवाखाना नसतो. बहुतेक हॉस्पिटलिस्ट हे मेडिसिनचे प्रशिक्षण घेतलेले असतात, म्हणजे आपल्याकडच्या एमडी मेडिसिन फिजिशियनसारखे. काही फॅमिली मेडिसिन किंवा बालरोग शाखेतून येतात. वीस वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी त्याच नियतकालिकात हिशेब मांडला तेव्हा अमेरिकेत अशा डॉक्टरांची संख्या ५० हजारांच्या वर गेली होती.

इतक्या वेगाने एखादी शाखा वाढते तेव्हा तिच्यामागे केवळ रुग्णसेवेची कळकळ नसते, पैसाही असतो. १९८३ पासून अमेरिकेतील ज्येष्ठांची सरकारी विमा योजना, मेडिकेअर, रुग्णालयांना दिवसागणिक पैसे न देता निदानानुसार ठरावीक रक्कम देऊ लागली. न्यूमोनियाचा रुग्ण चार दिवसांत बरा होऊन घरी गेला काय किंवा आठ दिवस राहिला काय, रक्कम साधारण तीच. म्हणजे रुग्ण नाहक एक दिवस जास्त राहिला तर तो रुग्णालयाच्या अंगावर. तिथल्या जुन्या पद्धतीत फॅमिली डॉक्टर पहाटे रुग्णालयात जाऊन आपला रुग्ण बघायचा आणि मग दिवसभर दवाखान्यात बसायचा. दुपारी रिपोर्ट आला तरी निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळी. एकदोन रुग्णांसाठी एवढी धावपळ त्या डॉक्टरालाही परवडेनाशी झाली. त्यात २००३ मध्ये शिकाऊ निवासी डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली आणि त्यांनी उपसलेल्या कामाला दुसरे हात लागले.

दिवसभर वॉर्डात असल्याने काय बदलते?

एक काल्पनिक पण रोज घडणारे उदाहरण घेऊ. ७२ वर्षांच्या आजी घरात पडल्या, खुब्याचे हाड मोडले. मधुमेह आहे, ब्लडप्रेशर आहे, किडनी थोडी नाजूक. ऑपरेशन उत्तम झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला रक्त घेतले, दहाला रिपोर्ट आला : क्रिएटिनिन १.३ वरून १.९. हाडाच्या डॉक्टरांनी दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक दिले आहे, जे त्यांच्या शाखेत रोजचे औषध. ब्लडप्रेशरची टेल्मिसार्टन घरच्यासारखी चालू ठेवली आहे. रात्री लघवी कमी झाली आहे, पण ते सिस्टरच्या तक्त्यात आहे. प्रत्येकाने आपापल्या परीने बरोबरच केले आहे. तरी किडनी मार खाते आहे, कारण या तिन्ही गोष्टी एकत्र बघणारे कोणी नाही.

जो डॉक्टर साडेदहाला त्याच मजल्यावर असतो, तो वेदनाशामक बदलतो, टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन तूर्त थांबवतो, लघवीची नळी तुंबली नाही ना ते बघतो, सलाईन किती द्यायचे ते पोट-छाती तपासून ठरवतो आणि दुपारी पुन्हा रक्त पाठवतो. हे काही अद्भुत वैद्यक नाही. एमडी झालेला कुठलाही फिजिशियन हे करेल. फरक इतकाच की व्हिजिटवर येणारा फिजिशियन ते रात्री नऊला करेल, कारण साडेदहाला तो दुसऱ्या रुग्णालयाच्या ओपीडीत असतो. बिघडू लागलेल्या किडनीला ते साडेदहा तास महागात पडू शकतात.

आता त्याच आजी रात्री बडबडू लागतात, सलाईन उपटतात, घरच्यांना ओळखत नाहीत. नातेवाईक घाबरतात, कुणी म्हणते डोक्यावर परिणाम झाला. वृद्धांमध्ये ऑपरेशननंतर किंवा मोठ्या आजारात ही अवस्था फार वेळा दिसते. तिला डिलिरियम म्हणतात आणि तिची कारणे कधीकधी अगदी घरगुती असतात : तीन दिवस शौचाला झालेले नाही, लघवी अडली आहे, सोडियम खाली गेले आहे, चष्मा नि कानाचे मशीन घरी राहिले आहे, दर दोन तासांनी कुणीतरी उठवते आहे. फोनवरून मिळणारे उत्तर बहुधा झोपेचे इंजेक्शन. त्याने वॉर्ड शांत होतो. आजी मात्र आणखी गोंधळू शकतात, पडू शकतात, अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टराला आधी पोट दाबून बघावेसे वाटते.

खुब्याच्या ऑपरेशनमध्ये हाडाचे डॉक्टर आणि हॉस्पिटलिस्ट दोघांनी मिळून रुग्ण सांभाळण्याची पद्धत अमेरिकेत म्हणूनच रुजली. अशीच न दिसणारी कामे त्याच्याकडे असतात : घरची औषधे आणि इथली औषधे जुळवणे, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून वेळेवर उपाय, गरज संपताच लघवीची नळी काढणे, रुग्णाला लवकर उभे करणे. बिलात यांना वेगळी ओळ नसते, म्हणून ती कुणाचीच नसतात.

आणि किंमत?

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ४५ रुग्णालयांतील सुमारे ७७ हजार रुग्णांच्या नोंदी बघितल्या गेल्या. हॉस्पिटलिस्टच्या रुग्णांचा मुक्काम इतर फिजिशियनच्या रुग्णांपेक्षा सरासरी ०.४ दिवसांनी कमी होता, खर्चही थोडा कमी. मृत्यू आणि पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण सारखेच. म्हणजे फायदा आहे, पण चमत्कार नाही.

२०११ मध्ये योंग-फांग कुओ आणि जेम्स गुडविन यांनी हिशेब घराच्या दारापर्यंत नेला. मेडिकेअरच्या रुग्णांत हॉस्पिटलिस्टमुळे मुक्काम ०.६४ दिवस कमी झाला आणि रुग्णालयाचे बिल २८२ डॉलरने घटले. पण घरी गेल्यानंतरच्या ३० दिवसांत वैद्यकीय खर्च ३३२ डॉलरने वाढला. हे रुग्ण पुन्हा दाखल होण्याचे, इमर्जन्सीत येण्याचे प्रमाणही जास्त होते. रुग्णालयाने वाचवले ते घरच्यांनी आणि विम्याने भरले. २०१७ मध्ये ५ लाख ६० हजारांहून अधिक दाखल रुग्णांच्या अभ्यासात तर असे दिसले की, ज्यांना रुग्णालयातही त्यांच्या स्वतःच्या नेहमीच्या डॉक्टरने बघितले, त्यांचा मुक्काम थोडा जास्त होता. पण ते थेट घरी जाण्याची शक्यता जास्त आणि ३० दिवसांत मृत्यूचे प्रमाण थोडे कमी होते. असे अभ्यास नोंदींवर आधारलेले असतात. ज्यांना नेहमीचा डॉक्टर बघायला येतो ते रुग्ण मुळातच वेगळे असू शकतात. तरीही हे आकडे उडवून लावता येत नाहीत.

कारण उघड आहे. वीस वर्षे ओळखणाऱ्या डॉक्टराला ठाऊक असते की या बाई ‘ठीक आहे’ म्हणतात तेव्हा ठीक नसतात, आणि घरी त्यांना इन्सुलिन टोचायला कुणी नाही. हॉस्पिटलिस्टची त्यांच्याशी ओळख काल झाली. शिवाय तोही बदलतो. अमेरिकेत सात दिवस सलग बारा-बारा तास काम आणि मग सात दिवस सुट्टी अशी पाळी सर्रास असते. रात्री आणखी वेगळा डॉक्टर. आई-वडील मुलांकडे तिकडे गेले आणि दाखल व्हावे लागले की मराठी कुटुंबांची ही तक्रार हमखास ऐकू येते : ‘रोज नवीनच डॉक्टर येतो.’

धोका याच सांध्यावर असतो. एक डॉक्टर रुग्ण दुसऱ्याच्या हाती सोपवतो तेव्हा काय सांगायचे राहून जाते, यावर गेल्या दोन दशकांत बरेच काम झाले. २०१४ मध्ये नऊ रुग्णालयांत झालेल्या ‘आय-पास’ अभ्यासात शिकाऊ डॉक्टरांना सोपवणीची ठरलेली रीत शिकवली : रुग्ण किती गंभीर, थोडक्यात हकिगत, काय करायचे राहिले, बिघडले तर काय करायचे, आणि ऐकणाऱ्याने ते परत बोलून दाखवायचे. एवढ्यानेच वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी घटले. रेल्वेच्या स्टेशन मास्तरांना यात नवल वाटणार नाही. संदेश परत बोलून दाखवायची शिस्त त्यांच्याकडे कधीपासून आहे.

अलीकडे दुसरा ताण वाढला आहे : एका डॉक्टराकडे रुग्ण किती? दिवसाला साधारण १५ हा आकडा तिथे वर्षानुवर्षे बोलला जातो, आणि व्यवस्थापनाला तो वाढवायचा मोह होतो. १० जानेवारी २०२५ रोजी ओरेगन राज्यातील प्रॉव्हिडन्स या रुग्णालय समूहाच्या हजारो नर्सनी संप केला, तेव्हा पोर्टलंडच्या सेंट व्हिन्सेंट रुग्णालयातील हॉस्पिटलिस्टही त्यात उतरले. पुरेसे मनुष्यबळ हा मागणीचा गाभा होता. या शाखेत परदेशात शिकलेले, त्यातही भारतीय डॉक्टर मोठ्या संख्येने आहेत. म्हणून १९ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे इकडच्या संपाच्या दुसऱ्याच दिवशी, नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हा डॉक्टरांना त्यातून वगळण्याची मागणी तिथल्या वैद्यकीय संघटनांनी लगेच केली.

आपल्या वॉर्डात रात्री कोण असते?

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चित्र निराळे आहे. ससून, केईएम किंवा जे. जे. मध्ये ‘युनिट’ असते : युनिटप्रमुख, सहायक प्राध्यापक आणि निवासी डॉक्टर. कुणीतरी कायम हजर असते आणि रुग्ण युनिटचा असतो. हॉस्पिटलिस्टचे बहुतांश काम तिथे निवासी डॉक्टर करतात, शिकता शिकता आणि झोप मोडून.

खासगीत, विशेषतः पंचवीस-पन्नास खाटांच्या रुग्णालयांत, तज्ज्ञ व्हिजिटवर येतात आणि मधल्या वेळेत आरएमओ असतो. हा आरएमओ अनेकदा बीएचएमएस किंवा बीएएमएस असतो. एमबीबीएस असला तर बहुधा पीजी प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करत वर्ष काढणारा. एमबीबीएसला या जागेत पुढे काही दिसत नाही, रुग्णालयाला त्याचा पगार परवडत नाही, आणि दुसरा पदवीधर त्याहून कमी पगारात मिळतो. मी अनेक आरएमओंबरोबर काम केले आहे. त्यांतले काही इतके सजग होते की त्यांचा फोन आला की मी गाडी काढायचो. पण ते त्यांचे वैयक्तिक गुण होते. व्यवस्थेने त्यांना ते शिकवले नव्हते, आणि औषध बदलण्याचा स्पष्ट अधिकारही दिला नव्हता.

कायद्याची बाजूही विचित्र आहे. १९९६ मध्येच, हॉस्पिटलिस्ट हा शब्द रूढ होण्याच्या काही महिने आधी, सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका प्रकरणात होमिओपॅथी डॉक्टरने आधुनिक औषधे देणे हाच निष्काळजीपणा ठरवला. २०१४ मध्ये राज्याने कायदा बदलून सीसीएमपीची वाट काढली, आणि त्या वाटेवरच २०२५ चा वाद उभा राहिला. एक वर्षाच्या अभ्यासक्रमाने खुब्याच्या ऑपरेशननंतरची बिघडणारी किडनी सांभाळता येईल, असे मला वाटत नाही. पण हे म्हणणाऱ्या आम्ही तज्ज्ञांनी आमच्याच रुग्णांना रात्रभर त्याच हातांत सोपवले आहे, तेही विसरता येत नाही. नोंदणीला विरोध आणि नेमणुकीला संमती, अशी ही भूमिका आहे.

मग खासगी रुग्णालयांनी हॉस्पिटलिस्ट का नेमू नयेत? काही मोठ्या रुग्णालयांत पूर्णवेळ फिजिशियनचे गट या दिशेने काम करतात. पण मधल्या रुग्णालयात अडचण हिशेबाची आहे. आपले बिल ‘व्हिजिट’वर चालते. सहा तज्ज्ञ येऊन गेले तर सहा व्हिजिट लागतात. एकाच डॉक्टरने दिवसभर बसून पाच रेफरन्स वाचवले, तर त्या वाचवण्याचे पैसे कुणी देत नाही. ज्या फिजिशियनने रुग्ण दाखल केला त्याला तो दुसऱ्याच्या हाती देताना धास्ती वाटते, आणि ज्याने पाठवला त्या फॅमिली डॉक्टरलाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आणि कॅशलेस विम्यात ठरावीक पॅकेजचे रुग्ण वाढत जातील, तसे मात्र अमेरिकेत १९८३ नंतर झाले तेच गणित इथे लागू होईल : मुक्काम लांबला की तोटा रुग्णालयाचा. तेव्हा वॉर्डात पूर्णवेळ फिजिशियन ठेवणे व्यवस्थापनाला अचानक पटू लागेल. त्यासोबत रुग्णाला लवकर घरी घालवण्याची घाईही येईल.

आणि नावाचा धोका आहेच. उद्या आरएमओच्याच कोटावर ‘हॉस्पिटलिस्ट’ असे विणून मिळाले आणि बिलात नवी ओळ वाढली, तर रुग्णाच्या पदरी काहीच पडणार नाही. पदवी कोणती, स्वतःच्या सहीने औषध बदलता येते का, एकावेळी किती खाटा त्याच्याकडे, हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला किंमत देऊ नये.

तुमचा माणूस दाखल असेल तर

पहिल्याच दिवशी विचारा, मुख्य जबाबदारी कोणाची आणि ते साधारण किती वाजता येतात. घरातल्या एकानेच डॉक्टरांशी बोलायचे ठरवा. सकाळी मुलगा, दुपारी जावई आणि संध्याकाळी पुण्याहून आलेले काका असे तिघांनी वेगवेगळे विचारले की तीन उत्तरे मिळतात आणि भांडण घरात लागते. घरच्या सगळ्या गोळ्या पिशवीतून घेऊन जा, चष्मा आणि कानाचे मशीन विसरू नका. रात्री काही बिघडले तर आरएमओवर ओरडू नका. ‘मुख्य डॉक्टरांना कळवले का, त्यांनी काय सांगितले, ते केसपेपरवर लिहिले का’ असे विचारा. हा प्रश्न त्यालाही मदत करतो.

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना घाई असते, तुम्हालाही. अमेरिकेत २००७ मध्ये झालेल्या एका आढाव्यात, रुग्ण घरी गेल्यावर पहिल्यांदा आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे पोहोचला तेव्हा त्या डॉक्टरच्या हाती डिस्चार्जचा सारांश असण्याचे प्रमाण जेमतेम १२ ते ३४ टक्के होते. आपल्याकडे डिस्चार्ज कार्ड रुग्णाच्याच हाती देतात, ही चांगली सोय आहे. फक्त ते बिलाच्या फाइलमध्ये राहते. निघण्यापूर्वी ते डॉक्टरांसमोर वाचा. घरची कोणती गोळी बंद झाली, कोणती नवी आली आणि ती किती दिवस, हे त्यात नसेल तर लिहून घ्या. त्याचा फोटो फॅमिली डॉक्टरांना त्याच दिवशी पाठवा. पूर्ण केसपेपर हवा असल्यास लेखी मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणीनंतर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात.

शेवटी राहिलेल्या रिपोर्टांबद्दल विचारा. रक्ताच्या किंवा लघवीच्या कल्चरचा अंतिम रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस, कधी पाच दिवस लागतात. बायोप्सीला त्याहून अधिक. तोवर रुग्ण घरी, आरएमओची पाळी बदललेली, आणि जंतूला चालू असलेले अँटिबायोटिक लागू पडत नाही असे सांगणारा कागद लॅबच्या काउंटरवर पडून असतो. तो कागद कोण बघणार आणि फोन कोण करणार, त्या व्यक्तीचे नाव डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.